समोरच्या दुकानातला जुना प्रोसेसर

पद्माक्कांवर अन्याय झाला. गेल्या वर्षी, खंडेनवमीच्या आदल्या दिवशी, दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी, सोलापुरात, नवी पेठेच्या मागच्या गल्लीत. अन्याय करणारी मी.

कॉलेजात असताना आम्ही काही पोरंपोरी ग्राहकांच्या हक्कांची पत्रकं काढायचो आणि एसटी स्टँडवर वाटायचो. तिथं एक नियम शिकले. अन्याय कोणावर झाला, कधी, कुठं आणि कोणी केला, हे पहिल्या दोन ओळींत आलं पाहिजे, कारणं मागाहून. मी शंभरेक पत्रकं लिहिली असतील. ‘कोणी’च्या जागी प्रत्येक वेळी दुसऱ्याचं नाव होतं, त्यामुळं हात कधी थांबला नाही. यंदा दिवाळी अंकाच्या संपादकांनी ‘तुमच्या धंद्यातले अनुभव लिहा’ म्हटल्यावर तीन महिने थांबला.

माझा धंदा कॉम्प्युटर जोडायचा. तयार डबा विकायचा नव्हे. गिऱ्हाइकाचं काम विचारून, सुटे भाग आणून, त्याच्यासमोर जोडायचा. आठ वर्षं झाली. पहिली सहा एका मालकाच्या दुकानात, नंतरची दोन स्वतःच्या. स्वतःचं म्हणजे आठ बाय दहाचा गाळा, एक टेबल, एक पंखा.

आणि समोर बसवराजचं दुकान. त्याला सगळी गल्ली बसू म्हणते. त्याच मालकाच्या त्याच टेबलावर आम्ही दोघं एका आठवड्याच्या अंतरानं कामाला लागलो. आठवड्यानं मी आधी. आज त्याच्या दुकानाला काचेची भिंत आहे, आत रंग बदलणारे दिवे आहेत, आणि अक्कलकोटकडचं गिऱ्हाईक दारात दिसलं की तो कानडीत ‘बर्री, कुंदर्री’ म्हणून खुर्ची पुढं करतो. माझ्याकडं येणारा माणूस गाळ्यात डोकावून विचारतो, “ताई, शेठ कुठं गेले?”

मीच शेठ आहे म्हटलं की तो हसतो. मग मोबाइलवर बोलायचं निमित्त करून बाहेर जातो आणि दोन मिनिटांनी काचेच्या भिंतीपलीकडं बसलेला दिसतो. हे मी मोजत नाही, पण विसरतही नाही.

बाहेरच्यांसाठी धंदा थोडक्यात सांगते. कॉम्प्युटरच्या पोटात एक मोठी पाटी असते, तिला मदरबोर्ड म्हणतात. तिच्यावर मधोमध बिस्किटाएवढा चौकोन बसतो, तो प्रोसेसर. सगळा हिशेब, सगळं डोकं त्याच्यात. घरगुती कॉम्प्युटरचे प्रोसेसर बनवणाऱ्या मुख्य कंपन्या दोन. नावं घेत नाही, फुकट जाहिरात कशाला. आमच्या गल्लीत त्यांना निळी आणि लाल म्हणतात. निळीचा प्रोसेसर लालीच्या बोर्डावर बसत नाही, लालीचा निळीच्या बोर्डावर बसत नाही. म्हणजे प्रोसेसर ठरला की बोर्डाची जात ठरली, आणि पुढची पाच-सात वर्षं तुम्ही त्या घरात नांदायला गेलात.

निळी दर दोन-तीन वर्षांनी बोर्डावरची बैठक, म्हणजे प्रोसेसर बसायची जागा, बदलते. नवा प्रोसेसर घ्यायचा तर बोर्डही नवा घ्या. लाल कंपनी एकच बैठक बरीच वर्षं चालवते. बोर्ड तोच ठेवून पुढं नवा प्रोसेसर बसवता येतो. मग लालच बरी, असं वाटेल. मलाही वाटायचं. तसं मी पत्रकच काढलं होतं: ‘निळ्या डब्याला भुलू नका.’ त्यात लिहिलं होतं की काही दुकानदार निळी का खपवतात ते विचारा, त्यांना परदेशची सहल का मिळते ते विचारा. काही दुकानदार म्हणजे कोण, ते गल्लीला सांगायला नको होतं. बसू त्याच वर्षी निळ्या कंपनीच्या वितरकाच्या स्कीममध्ये थायलंडला जाऊन आला होता. हत्तीवर बसलेला त्याचा फोटो दुकानात लावलेला आहे. माझ्या खुर्चीवरून सरळ दिसतो.

सहल हे लाच देण्याचंच सभ्य नाव आहे, हे माझं मत आजही आहे. पण थायलंडला मी गेले असते तर ते पत्रक निघालं असतं का? नसतं.

आणि एका पेन्सिलीचा राग. आम्ही मालकाकडं असतानाचा. जेऊरचे एक गृहस्थ जुना प्रोसेसर शर्टाच्या खिशात, रुमालात बांधून, रेल्वेनं घेऊन आले होते. लालीच्या जुन्या प्रोसेसरला खालून केसासारख्या बारीक पिना असायच्या. निळीच्या पिना बोर्डावर असतात, आता नव्या लालीच्याही. प्रवासात यांच्या सतरा पिना वाकल्या होत्या. मालक म्हणाले, फेकून द्या. मी शिसं काढलेली खटक्याची पेन्सिल घेतली, ती पोरं भूमितीला वापरतात तशी. तिच्या तोंडाचं भोक बरोबर एका पिनेएवढं असतं. एकेक पिन त्यात घालून दीड तासात सरळ केली. गृहस्थ म्हणाले, “पोरी, दाताचा डॉक्टर व्हायचं की तू. हितं काय करालालीस?” बसू शेजारी उभा राहून बघत होता. आज त्या पेन्सिलीचा व्हिडिओ त्याच्या नावानं फिरतो. खाली लोक लिहितात, बसूभाऊ ग्रेट. त्याला विचारलं तर म्हणाला, “अगं, तू टाकायचा की व्हिडिओ. मी काय तुझा हात धरला होता का बे?”

धरला नव्हता. म्हणूनच जास्त जळते.

आता पद्माक्का. अक्का सोलापूरच्या पूर्व भागातल्या, घरात तेलुगू, बाहेर आपली सोलापुरी. आडनाव छापू नको म्हणाल्यात. टॉवेलांची आणि चादरींची डिझाइनं काढतात. हे काम चौकटीच्या कागदासारखं असतं: एक चौकोन म्हणजे एक धागा. कुठला धागा वर, कुठला खाली, ते कॉम्प्युटरवर भरायचं आणि ती फाइल मागाला द्यायची. मोर असो की कमळ, मागाला फक्त वर-खाली कळतं. अक्कांनी चौदा वर्षं एका डिझाइन ऑफिसात बसून हे काम केलं. खाली सही मालकाची.

गेल्या वर्षी पहिल्यांदा एक व्यापारी थेट त्यांच्याकडं आला. लग्नाच्या आहेराच्या टॉवेलांचा संच, सहा डिझाइनं, अक्कांच्या स्वतःच्या नावानं. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी नमुने दाखवायचे. पसंत पडले तर वर्षभर काम. अक्कांनी ऑफिस सोडलं आणि घरी कॉम्प्युटर घ्यायचा ठरवला. त्यांच्या भागात खंडेनवमीला मागाची, धोट्याची पूजा होते. अक्कांना त्या दिवशी स्वतःच्या कॉम्प्युटरची करायची होती.

आधी त्या बसूकडं गेल्या होत्या. त्यानं चिठ्ठीवर निळा प्रोसेसर, त्याचा बोर्ड, सगळं लिहून दिलं होतं. ती चिठ्ठी घेऊन त्या माझ्या गाळ्यात आल्या. शेठ कुठाय असं त्यांनी विचारलं नाही.

“तूच जोडतेस ना?”

“व्हय, मीच.”

“मग तुझ्याकडनंच घेणार. चौदा वर्षं बाप्यांच्या ऑफिसात काढली. माझं पहिलं मशीन बाईच्या हातचं पाहिजे मला.”

त्या चिठ्ठीत चूक काहीच नव्हती. अक्कांच्या कामाला निळा चालला असता, लालही चालला असता. दोन्हींत फरक असतो, पण वर-खाली धागे भरणाऱ्या बाईला तो जन्मात कळला नसता. हे मला तेव्हाही ठाऊक होतं. पण खाली बसूचं अक्षर होतं, ते गोल, पुढं झुकलेलं, गिऱ्हाइकांना आवडणारं. मी त्यावर रेघ मारली आणि लाल लिहिलं. वर पाच मिनिटं भाषण दिलं: बैठक, सहल, स्कीम, हत्ती. अक्का ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, “तू म्हणतेस तर तसं.”

अष्टमीच्या सकाळी भाग आले. अक्कांना समोर बसवून मी जोडायला घेतलं. प्रोसेसर बसवला, त्यावर पंखा, बाजूला रॅम, वायरी. बटण दाबलं. पंखा फिरला, दिवे लागले, पडदा काळा. रॅम काढून परत बसवली. काळा. केबल बदलली. काळाच.

दहा मिनिटांत मला कळलं की काय झालंय. बोर्डाच्या आत एक यादी असते, कोणकोणते प्रोसेसर ओळखायचे त्याची. सोसायटीच्या वॉचमनकडं असते तशी. बोर्ड वर्षभरापूर्वी कारखान्यातून निघालेला, प्रोसेसर आत्ताचा. वॉचमनच्या यादीत नव्या भाडेकरूचं नाव नाही, म्हणून दार उघडत नाही. दोघंही धडधाकट. लाल कंपनी एकच बैठक वर्षानुवर्षं चालवते ना, त्यातच हा खड्डा आहे. प्रोसेसर बसतो, पण बोर्ड त्याला ओळखत नाही. बैठकीचं कौतुक मी पत्रकात छापलं होतं, खड्डा छापला नव्हता.

उपाय सोपा. त्याच बैठकीचा एखादा जुना प्रोसेसर, जो यादीत आहे, तो घटकाभर बसवायचा, पेनड्राइव्हवरून नवी यादी भरायची, मग जुना काढून नवा लावायचा. महाग बोर्डांना मागं एक बटण असतं, त्यांना जुना प्रोसेसर लागत नाही. अक्कांचा बोर्ड स्वस्तातला. जुना हवाच होता.

आमच्या गल्लीत उसनं मागायची रीत आहे. रॅम, केबल, पॉवर सप्लाय, काहीही. कोणी कोणाला लिहून घेत नाही. नेणारा चहा सांगतो, बस. मी ‘जरा पेनड्राइव्ह आणते’ म्हणून बाहेर पडले आणि दोन दुकानांत हळूच विचारलं. दोघांनी एकच सांगितलं, “आपल्याकडं सगळं निळंच गं. बसूकडं हाय की.”

बसूकडं असतो. तो कधी काही टाकत नाही. पेढ्याच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात त्यानं सगळे जुने प्रोसेसर फोममध्ये खोचून ठेवलेत, दोन्ही कंपन्यांचे. तो डबा मी शंभरदा पाहिलाय.

मी गाळ्यात परत आले. समोर काचेपलीकडं बसू उद्याच्या पूजेसाठी झेंडूची माळ लावत होता. स्टुलावर चढून, गाणं म्हणत. मी त्याच्याविरुद्ध पत्रक काढलं होतं. त्याची चिठ्ठी खोडून लाल लिहिलं होतं. आता त्याच लालीसाठी त्याच्या दारात जायचं आणि म्हणायचं, तुझा जुना प्रोसेसर दे. तो हसला असता. हसून दिला असता. ते दुसरं मला जास्त जड होतं.

अक्कांनी घड्याळ बघितलं. “बारा दहा झाले. काय अडचण हाय का? समोर विचारून बघतेस का?”

“नको अक्का,” मी म्हणाले. “बोर्डच खराब आलाय. कंपनीकडून बदलून मागवते.”

त्या म्हणाल्या, “उद्या पूजा हाय.”

“दोन-तीन दिवसांत येतो.”

खोटं एकदा बोललं की त्याला कागदपत्रं लागतात. बोर्ड पुण्याला कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला पाठवताना सोबतच्या फॉर्मवर बिघाड लिहावा लागतो. ‘यादी जुनी’ लिहिलं असतं तर तिथल्या पोरानं नवी यादी भरून लगेच परत पाठवला असता. मी ‘पूर्ण बंद’ लिहिलं, कारण अक्कांना तेच सांगितलं होतं. बोर्डावर प्रोसेसरच्या जागी प्लास्टिकची काळी टोपी असते, पिना झाकायला. ती नसली तर बदली नाकारतात. टोपी मी आठवणीनं लावली. असल्या बाबतीत मी फार व्यवस्थित आहे.

दसरा गेला. अक्का रोज फोन करायच्या, ओरडायच्या नाहीत. “आला का गं?” एवढंच. कोजागिरी गेली. दुसऱ्या दिवशी त्या व्यापाऱ्याकडं हातानं काढलेले सहा कागद घेऊन गेल्या. त्यानं कागद बघितले, छान म्हणाला, आणि फाइल कुठाय विचारलं. फाइल नव्हती. त्यानं काम दुसऱ्याला दिलं. कोणाला, तर ज्या ऑफिसातून अक्का बाहेर पडल्या होत्या त्याच मालकाला.

अकराव्या दिवशी बदली बोर्ड आला. नव्या यादीचा येईल अशी आशा होती, आला त्याच लॉटमधला. लावला, बटण दाबलं, पडदा काळा. अक्का समोर बसल्या होत्या. त्या उठल्या, बाहेर रिक्षा थांबवली, कॉम्प्युटरचा डबा स्वतः उचलून आत ठेवला. मला वाटलं, घरी चालल्या. रिक्षा गल्लीच्या टोकाला वळली, आणि परत येऊन समोरच्या दुकानासमोर थांबली. वीस पावलांसाठी रिक्षा. माझ्या दारातून चालत समोर जाणं त्यांना बरं वाटलं नसावं.

काचेतून सगळं दिसतं. बसूनं डबा उघडला, पेढ्याचा पत्र्याचा डबा काढला, पेनड्राइव्ह लावला. वीस मिनिटं. पडद्यावर निळसर उजेड पडला आणि अक्कांच्या चष्म्यात दिसला. त्यानं काही घेतलं नाही. उलट चहा त्यानंच सांगितला.

त्या संध्याकाळी तो माझ्या गाळ्यात आला. हातात दोन चहा. आधी मला वाटलं, आता बोलेल. बोलला असता तर बरं झालं असतं, माझ्याकडं उत्तरं तयार होती.

“काय बे,” तो म्हणाला, “मागायचा की. डब्यात पडूनच असतोय तो.”

“अक्कांना काय सांगितलंस?”

“काय सांगू? म्हटलं, जुना बोर्ड, नवा प्रोसेसर, असं होतंय कधी कधी.”

“मी खराब आहे म्हणाले होते, ते?”

त्यानं चहा संपवला, ग्लास टेबलावर ठेवला. “ते तुझं तू सांग.”

तो गेल्यावर मी सगळ्यात जास्त जळले. दुकानावर नाही, हत्तीवर नाही, व्हिडिओवर नाही. त्याला माझं खोटं हातात मिळालं होतं आणि त्यानं ते वापरलं नाही, यावर. मी असते तर वापरलं असतं. पत्रकच काढलं असतं.

अक्कांकडं जायला मला दिवाळी उलटून जावी लागली. रविवार होता. बाकीचे सहा दिवस त्या परत त्याच ऑफिसात जात होत्या, त्याच खुर्चीवर. घरातला कॉम्प्युटर फक्त रविवारी उघडतात. त्याच्यावर हळदीकुंकू होतं, नंतर कधीतरी केलेलं. मी उभ्या उभ्या सांगून टाकलं. बोर्ड चांगला होता, समोर विचारलं असतं तर त्याच दुपारी मशीन चालू झालं असतं, मी मुद्दाम गेले नाही.

त्या पडद्यावरचा मोर भरत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, “मला कळलं होतं की. त्याच दिवशी. तू आधी समोर बघितलीस, मग मला सांगितलीस. कोण कुणावर जळतंय ते ओळखायला मला मशीन नाही लागत. ऑफिसात चौदा वर्षं दुसरं काय बघितलं?”

“मग त्याच दिवशी समोर का नाही गेलात?”

आता त्यांनी हात थांबवला.

“तुझ्याकडनं घेतलं होतं ना गं. एका बाईकडनं घ्यायचं म्हणून आले, आणि पहिल्याच दिवशी तुझ्यादेखत त्या पोराकडं जाऊ? तुझी काय राहिली असती गल्लीत? वाट बघितली. म्हटलं, जाईल ही, आज नाही तर उद्या जाईल.”

मी गेले नाही. अकरा दिवस त्या माझी अब्रू राखत बसल्या, आणि मी चांगल्या बोर्डाची घालवत.

भरपाई म्हणून काय करू, विचारलं. त्या म्हणाल्या, काही नको. तो व्यापारी मी परत आणू शकत नाही. दोनदा त्याच्याकडं जाऊन खरं काय घडलं ते सांगून आले. त्यानं ऐकून घेतलं, पुढच्या हंगामाला बघू म्हणाला. पुढचा हंगाम म्हणजे आता. अजून त्याचा फोन नाही. अक्का ऑफिसातच आहेत.

मी सुधारले, असं लिहून मोकळी होणार नाही. बसूच्या दुकानात गर्दी दिसली की आजही मी खुर्ची फिरवून बसते. मागच्या महिन्यात मैंदर्गीचे एक काका तासभर माझ्याकडून निळी-लाल समजून घेऊन त्याच्याकडं गेले, तेव्हा मी दोन दिवस धुमसत होते. वितरकांच्या सहली बंद झाल्या पाहिजेत, यावरही मी ठाम आहे. फक्त मधल्या काळात दोनदा मी रस्ता ओलांडून त्या पत्र्याच्या डब्यातून प्रोसेसर मागून आणला. दोन्ही वेळा बसूनं न विचारता दिला, दोन्ही वेळा माझा जीव गेला, आणि दोन्ही वेळा गिऱ्हाईक त्याच दिवशी चालू मशीन घेऊन घरी गेलं.

तुम्ही हा अंक वाचताय म्हणजे दिवाळी आलीय, आणि तुमच्यातले बरेच जण याच दिवसांत घरी कॉम्प्युटर घेणार. निळा घेऊ की लाल, हा बोर्ड की तो, म्हणून तुम्ही दहा जणांना विचाराल. विचारा. दोन्ही चांगले आहेत, भांडणं आमची आहेत. पण पैसे काढण्याआधी दुकानदाराला एक प्रश्न विचारा: तुमचं अडलं तर या गल्लीत तुम्ही कोणाच्या दुकानात मागायला जाता? नाव सांगितलं तर बसा, त्याच्याकडूनच घ्या. नाव सांगता आलं नाही, किंवा सांगताना त्याचं तोंड वाकडं झालं, तर तिथून उठा. समोर मी बसलेली असले, तरी उठा.